लिंबूटिंबूला राज्य कधी द्यायचं?

पेठेतली लेक

माझा लेक साडेचार वर्षांचा. बंगळुरात आम्ही तिघंच राहतो. या दिवाळीला कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझ्या माहेरी सगळी भावंडं जमली होती: माझ्या दोन्ही भावांची मुलं, बहिणीच्या दोघी आणि चुलतभावाची जोडगोळी. थोरली भाची नववीत, आणि बहिणीची धाकटी सोडली तर शेंडेफळ म्हणजे आमचा बाळ्या. एका गोष्टीवर तुमचं मत हवंय म्हणून धागा काढतेय, पण आधी जे डोळ्यांनी पाहिलं ते सविस्तर लिहिते.

आल्या आल्या तो काही मिसळला नाही. पुढच्या सोप्यात माझ्याजवळ बसून घरामागच्या परड्यात चाललेला दंगा नुसता बघत होता. कुणी 'ये की खेळायला' म्हटलं की मान हलवायचा. मला वाटत होतं त्याला हाताला धरून न्यावं. आई म्हणाली, 'बघू दे त्याला. पोटभर बघितलं की आपण होऊन उठतंय.'

आणि उठला तो किल्ल्यामुळं. यंदा किल्ला पन्हाळ्याचाच करायचा हे पोरांनी आधीच ठरवलं होतं. युनेस्कोनं जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत जे 12 किल्ले घेतले त्यात आपला पन्हाळा आहे, हे थोरलीला शाळेत कळलेलं. विटा, गोणपाट, परड्यातली माती असा सगळा पसारा निघाला. माती कालवायला पाणी हवं होतं. सहावीतल्या भाच्यानं बाळ्याच्या हातात तांब्या दिला, 'तू पाणी आणायचं. तुझ्याशिवाय किल्ला होत नाही बघ.' हा न्हाणीतून तांब्या भरून निघाला, निम्मं पाणी वाटेत सांडलं, उरलेलं ओतून परत पळाला. मग दुपारपर्यंत त्याच्या फेऱ्या थांबल्या नाहीत.

तीन दरवाजा बुटाच्या खोक्याचा झाला. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारं काड्यापेट्यांची. यात धान्य ठेवायचे असं थोरलीनं सांगितल्याबरोबर बाळ्या स्वयंपाकघरात गेला आणि आजीकडून मूठभर तांदूळ घेऊन आला. एकेक दाणा चिमटीत धरून त्यानं तिन्ही काड्यापेट्या भरल्या, तोवर सगळी पोरं थांबून राहिली. कुणी घाई केली नाही. मला त्या पोरांचं फार कौतुक वाटलं.

मग सिद्दी जौहरचा वेढा पडला. 1660 सालच्या त्या पावसाळी रात्री महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं कसे गेले, ते सहावीतल्यानं मातीत रेघ ओढून दाखवलं. परड्यातला धुण्याचा दगड झाला विशाळगड. घोडखिंड कुंडीच्या आणि भिंतीच्या मधे. बाजीप्रभू म्हणून जो मावळा तिथं उभा केला होता तो पापाच्या तिकटीजवळच्या कुंभार गल्लीतून बाळ्यानंच निवडून आणलेला. त्याला बाजीप्रभूंजवळून उठवून जेवायला बसवणं हे मोठं काम होऊन बसलं. हळीव पेरायचं आणि रोज सकाळी शिंपडायचं कामही त्याच्याकडंच. कोंब दिसले तेव्हा त्यानं अख्खं घर गोळा केलं.

आता मुद्द्याचं. लपाछपीत, डबा ऐसपैसमध्ये तो अर्थातच लिंबूटिंबू. दिसला तरी आऊट नाही, राज्य नाही. कुणाच्या तरी मागं पळायचं, लपायचं, ओरडायचं. एकदा तर पोरांनी शर्ट बदलले. थोरल्या मामेभावाचा शर्ट बाळ्याच्या अंगात, पार घोट्यापर्यंत, आणि त्याला रांजणाआड बसवून बाही तेवढी बाहेर काढलेली. राज्य असलेल्यानं बाही बघून मोठ्याचं नाव घेतलं, आणि 'अंडं फुटलंऽऽ' म्हणून सगळा बोळ दणाणला. बाळ्याला अंडं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पण ते आपल्यामुळं फुटलं एवढं कळलं, आणि झोपेपर्यंत तो त्याच आनंदात होता.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मात्र तो मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, 'मला लिंबूटिंबू नको. माझ्यावर राज्य द्या.' पोरांत दोन तट पडले. निम्मी म्हणाली देऊ या, निम्मी म्हणाली त्याला कुणी सापडायचं नाही, रडेल. वाद मिटायच्या आत आमची गाडीची वेळ झाली.

तर तुमच्या घरात हे कसं झालं? लिंबूटिंबूचा पक्का गडी कधी झाला, आणि ते कुणी ठरवलं?

---

रंकाळ्याचा कट्टा

ताई, परडं आणि सोपा हे शब्द वाचूनच पेठेत पोचलो. लई भारी लिहिलंयसा.

आमच्यात पेठेतल्या फुटबॉलवर सगळं ठरायचं. लहानग्याचं काम बॉल आणायचं. गटारीत गेला, कुणाच्या सोप्यात गेला, आणायचा यानंच. मग कधीतरी गोलकीपर कमी पडतो, आणि त्याला दोन विटांच्या मधे उभा करतात. तिथं एक जरी बॉल अडवला की झाला पक्का. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला मागितलं नव्हतं. तालमीच्या पोरांच्यात आजही असंच चालतंय.

---

बालवाडीची बाई

फार छान धागा. मी बरीच वर्षं साडेतीन ते सहा वयाच्या मुलांबरोबर काम करते, म्हणून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे तुमच्या आईचं 'बघू दे त्याला'. काठावर बसून बघणारं मूल खेळाबाहेर आहे असं आपल्याला वाटतं आणि आपला जीव तुटतो. पण बघणं हासुद्धा खेळात शिरण्याचाच एक टप्पा आहे. मिल्ड्रेड पार्टन या अभ्यासक बाईंनी 1932 मध्ये लहान मुलांच्या खेळण्याचे प्रकार मांडले, त्यात नुसतं बघत राहणं हा स्वतंत्र प्रकार धरलाय. त्यानंतर शेजारी बसून आपापलं खेळणं, मग एकमेकांत मिसळून, आणि मग कामं वाटून घेऊन एका हेतूनं खेळणं. वर्गात मला हे रोज दिसतं. बघणाऱ्या मुलाला हाताला धरून ओढलं की ते आणखी आक्रसतं. त्याला छोटं, खरं काम दिलं की येतं. तुमच्या भाच्यानं तांब्या दिला ना, तिथं त्यानं अगदी बरोबर काम केलं. खोटं काम दिलेलं मुलांना चटकन कळतं.

दुसरी गोष्ट राज्याची. त्यानं मागितलं म्हणजे नियम काय असतो हे त्याला उमगलंय. आऊट न होण्यात आपली गणतीच नाही, हे त्याच्या ध्यानात आलंय. साडेचार-पाचला हे येतं, आणि ते आलं की फार दिवस टाळू नये असं माझं मत. पण पूर्ण राज्य एकदम नको. परड्यापुरतं द्या, बोळात नाही. दहापर्यंत मोजायचं. आणि एक भिडू त्याच्याबरोबर शोधायला फिरेल, पण बोट दाखवणार नाही, एवढंच.

रडेल म्हणून द्यायचं नाही, हे मला पटत नाही. रडला तर रडेल. पाच मिनिटांनी परत लपायला जाईल.

---

दुपारचं ऊन

सगळं गोड आहे, पण मला एक विचारायचंय. ती नववीतली भाची सुट्टीत किती वेळ स्वतःसाठी जगली?

मी माझ्या घरातली थोरली. दर दिवाळीला आणि मे महिन्यात सगळी लहान पोरं माझ्या गळ्यात. कुणाला शू लागली, कुणी पडलं, कुणाला भूक लागली, हाक मलाच. माझ्याच वयाचा चुलतभाऊ सायकल घेऊन रंकाळ्यावर. त्याला कुणी कधी म्हटलं नाही की धाकट्याला घेऊन जा. मला ती लेकरं आवडत होती, आजही आवडतात. पण तेव्हा मला पुस्तक घेऊन माडीवर एकटीनं बसायचं असायचं आणि ते कधी जमलं नाही. लहानग्याला भावंडांत सोडून मोठी माणसं गप्पांना मोकळी होतात, तेव्हा त्या मोकळेपणाची किंमत बहुतेक वेळा एखादी तेरा-चौदा वर्षांची मुलगी भरत असते. हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

---

पेठेतली लेक

दुपारचं ऊन, बरं झालं लिहिलंत. हा प्रश्न माझ्या वहिनीनं पहिल्याच दिवशी काढला होता, कारण तीही थोरलीच. तिनं सांगितलं की दुपारी जेवणं झाल्यावर चार वाजेपर्यंत थोरलीला कुणी हाक मारायची नाही. त्या वेळात बाळ्या आणि बहिणीची धाकटी, दोघं बाबा मंडळींकडं. माझे भाऊ आणि बाळ्याचे बाबा त्यांना घेऊन रंकाळ्यावर जायचे, नाहीतर न्यू पॅलेसच्या आवारात. शू, भूक, पडणं हे सगळं त्या तिघांनीच निस्तरायचं, आम्हाला फोन करायचा नाही. भाच्यांमध्येही बाळ्याला सांभाळायची पाळी होती आणि सहावीतल्यानं ती सगळ्यात जास्त वेळा घेतली.

तरीही तुमचं म्हणणं खरं आहे. वहिनी बोलली म्हणून हे झालं. ती नसती बोलली तर आपोआप थोरलीच्याच अंगावर पडलं असतं.

---

पंचगंगा घाट

मी सत्तरीचा. आमच्या वेळी वाड्यात चुलत, आते, मामे असा हिशेब नव्हता, सगळी पोरं एका पंगतीला. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांना ओळीनं पाटावर बसवून उटणं लावायचे, आणि बंब पेटलेला. कारीट फोडायला सगळ्यात लहानाला पुढं करायचे. अंगठ्याखाली फुटलं की 'मेला नरकासुर' म्हणून ओरडायचं आणि कडू बी जिभेला लावायचं. त्या कडू चवीनं तोंड वाकडं झालं की मोठी पोरं हसायची, लहानगं रडायचं, आणि लगेच त्याला पहिली चकली मिळायची. पहिला मान लिंबूटिंबूलाच असायचा.

एक सुचवतो. बाळ्याला पाडव्याला म्हशी दाखवल्या की नाही? कसबा बावडा, शनिवार पेठ, सागरमाळ या भागात गवळी मंडळी म्हशी सजवून आणतात. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं पळत येते. मोटारसायकलींचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो, म्हणून लहान मूल खांद्यावर घेऊन रस्त्यात उभं राहू नये, ओळखीच्या घराच्या ओट्यावरून किंवा गच्चीवरून दाखवावं. माझ्या नातवाला आधी दूध कट्ट्यावर नेलं होतं. समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पेल्यात देतात ते त्यानं पाहिलेलं. त्यामुळं पाडव्याला म्हशी बघून तो भ्याला नाही, 'दुधवाली म्हैस पळाली' म्हणून टाळ्या वाजवत होता.

---

चार भिंतीतली

वाचून आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. आम्ही दोघंही एकुलती एक. माझ्या मुलीला सख्खं तर नाहीच, मामे, मावस, आते, चुलत, कुठलंच भावंड नाही. दिवाळीला चार मोठी माणसं आणि ती एकटी. सगळे तिच्याकडंच बघत बसतो. तिला लिंबूटिंबू करायलासुद्धा कुणी नाही.

---

राधानगरी रोड

चार भिंतीतली, असं म्हणू नका. आमच्या गावाकडं भावकी मोठी असली तरी खेळायला येणारी पोरं निम्मी शेजारची आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांची असतात. कोण कुणाचं हे पोरांना दोन दिवस माहीतही नसतंय. सुट्टीत एखाद्या मैत्रिणीचं बिऱ्हाड तिच्या पोरांसकट चार दिवस घरी बोलवा. एक दिवस बोलवून उपयोग नाही, पहिला दिवस लाजण्यात जातोय. एका छताखाली झोपली, एका ताटात जेवली, भांडली आणि परत जमली की झाली भावंडं.

पोरांना करायला काहीतरी मातीचं द्या. आमच्यात पाडव्याला अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. शहरातली पोरं आधी नाक धरतात. मग एकानं हात घातला की सगळी कोपरापर्यंत. आणि थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की तिकडं न्या. कढईतल्या काकवीचा वास, वाफ, गरम गूळ उसाच्या कांडीवर. फक्त चुलवाणाजवळ एका मोठ्या माणसानं उभं राहायचंच, तिथं पोरांवर भिस्त ठेवू नका.

---

चार भिंतीतली

मैत्रिणीला आत्ताच फोन केला. तिची दोन आहेत, सात आणि तीन. नाताळच्या सुट्टीत पाच दिवस येतायत. धन्यवाद, अगदी मनापासून.

---

पुणेरी सासर

अवांतर प्रश्न. कोल्हापुरात जमलं की मटण होतंच. लहान मुलं काय खातात? आमची पाच वर्षांची तांबडा रस्सा नुसता बघूनच मागं सरकते आणि सासरचे म्हणतात सवय लाव.

---

पेठेतली लेक

मुळीच लावू नका सवय. कोल्हापुरात पोरांसाठी अळणी असतं ना! मटण हळद, मीठ, आलं-लसणाची गोळी लावून शिजत घालायचं, वरून पाणी भरपूर. शिजलं की तिखट-मसाला पडायच्या आधी ते पाणी आणि चार मऊ तुकडे बाजूला काढायचे. गरम भातावर ते अळणी, वर थोडं तूप. आमच्याकडं पोरांची पंगत आधी बसते ती यावरच. पुढं पांढरा रस्सा. त्याच अळणी पाण्यात नारळाचं दूध, वाटलेली खसखस, तीळ, काजू. मिरची बेतानं घातली तर पाच-सहा वर्षांचं मूल वाटीभर पितं. तांबड्यापर्यंत ज्याचं तो आपल्या वयानं पोचतो.

बाळ्यानं यंदा दोन वाट्या पांढरा प्यायला, कारण शेजारचा मामेभाऊ पीत होता. घरी तो वरण-भातालाही तासभर लावतो. एका सकाळची मिसळही त्याला चाखायची होती, तिथं मात्र आजीनं त्याच्या हातात दही-पाव दिला.

---

पायरीवर

अंबाबाईला नेलं होतं का एवढी सगळी पोरं? आम्ही दिवाळीत नेली आणि गर्दीत जीव मुठीत धरावा लागला. ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात येते तेव्हा किरणोत्सवही जवळपासच असतो. 9, 10 आणि 11 तारखेला मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग वर चढत चेहऱ्यापर्यंत येतात. ते बघायला माणसांचा लोंढा असतो. लहान मुलांना घेऊन जायचं तर पहाटे जावं. आम्ही नंतर तसं केलं. देवळाच्या दगडी भिंतींवरची शिल्पं पोरांनी निवांत बघितली, हत्ती मोजले. गर्दीत जायचंच असेल तर प्रत्येकाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी.

---

पेठेतली लेक

पायरीवर, आम्हीही पहाटेच नेलं. येताना रंकाळ्याच्या नंदीला गेलो. तो नंदी गव्हाएवढा पुढं आणि तांदळाएवढा मागं सरकतो, आणि ज्या दिवशी तळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी, ही गोष्ट आईनं सगळ्या नातवंडांना नंदीसमोर बसवून सांगितली. बाळ्यानं नंदीच्या पुढ्यात एक खडा ठेवला, त्यानं सरकू नये म्हणून. त्याचं बघून बाकीच्यांनीही ठेवले. पहिल्यांदाच त्यानं काहीतरी केलं आणि मोठ्यांनी त्याचं अनुकरण केलं.

आणि आता मूळ प्रश्नाचं. बालवाडीची बाई यांचं उत्तर मी थोरलीला वाचून दाखवलं. काल रात्री सगळी भावंडं व्हिडिओ कॉलवर होती, तिथं पोरांनीच बैठक घेतली. आम्हा मोठ्यांना बोलायची परवानगी नव्हती. ठरलं ते असं. मे महिन्यात बाळ्यावर राज्य येणार. परड्यापुरतंच. मोजायचं दहापर्यंत नाही, वीसपर्यंत, कारण दहात मोठ्यांनाही लपायला होत नाही असं सहावीतला म्हणाला. भिडू कुणी बरोबर फिरणार नाही, ही बाळ्याची अट. आणि शर्ट बदलायचे नाहीत, पहिल्या वर्षी अंडं माफ.

बहिणीची धाकटी तीन वर्षांची होईल तोवर. तिला लिंबूटिंबू करायचं असंही त्याच बैठकीत ठरलं, आणि तिला पहिल्या दिवशी तांब्या कुणी द्यायचा यावर बाळ्यानं आधीच नाव नोंदवलंय.

---

बालवाडीची बाई

वीसपर्यंत आहेत का त्याचे आकडे पक्के? बारा ते सोळा बहुतेक मुलं गाळतात. जिन्याच्या पायऱ्या चढता-उतरता मोजायला लावा, आठवड्याभरात बसतील.

---

रंकाळ्याचा कट्टा

गाळू दे की. लपणाऱ्यांनी पळायचं जरा जोरात.